सर्व्हर रूमला कुलूप लागतंय… मग सरकारी क्लाऊडमुळे नोकऱ्या नक्की कुठे तयार होतात?

जुनी_वायर (सोम, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं रोमात (म्हणजे नुसता वाचत) आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी एका सरकारी खात्याच्या सर्व्हर रूममध्ये सोळा वर्षं आहे. कंत्राटी, पण सोळा वर्षं. चपला बाहेर काढून आत जायचं, दोन एसी आळीपाळीने चालवायचे, यूपीएस बीप करायला लागला की धावायचं, आणि दर शुक्रवारी संध्याकाळी बॅकअपची टेप बदलून तिच्यावर मार्करने तारीख घालून ती दुसऱ्या इमारतीतल्या लोखंडी कपाटात नेऊन ठेवायची. गेल्या महिन्यात सर्क्युलर आलं की सहा महिन्यांत सगळ्या सिस्टीम क्लाऊडवर जाणार, खोली रिकामी करून रेकॉर्डवाल्यांना द्यायची. सादरीकरणाच्या शेवटच्या स्लाईडवर मोठ्ठ्या अक्षरात 'रोजगारनिर्मिती'. मी हात वर करून विचारलं, साहेब कुणाचा? सगळे हसले. मीही हसलो, पण प्रश्न खरा होता.

तर प्रश्न दोन. एक म्हणजे, सरकारं क्लाऊडचं धोरण काढताना (जगात सगळीकडेच काढतायत) ज्या नोकऱ्यांबद्दल बोलतात त्या असतात कुठे? आणि दुसरा, माझ्यासारख्या पन्नाशीकडे झुकलेल्याने आता काय शिकावं? कृपया 'पायथॉन (प्रोग्रॅमिंगची भाषा) शिका' एवढंच लिहून पळू नका.

अवांतर_काका (सोम, रात्री १०:१९)

पायथॉन शिका.

(पळालो)

सौदामिनी (सोम, रात्री ११:०५)

काका :हाहा:

वायरदादा, मी मायग्रेशनचं, म्हणजे जुन्या सिस्टीम क्लाऊडवर हलवायचं काम करते, नऊ वर्षं झाली, त्यातली तीन सरकारी प्रोजेक्टवर. म्हणजे तुमच्या खोलीला कुलूप लावणाऱ्यांपैकी एक मीच समजा, त्यामुळे जरा जपून लिहिते.

आधी क्लाऊड कशाला म्हणायचं ते. 'दुसऱ्याचा कॉम्प्युटर' हा विनोद अर्धाच खरा आहे. अमेरिकेच्या निस्ट या मानक ठरवणाऱ्या संस्थेने २०११मध्ये व्याख्या करून ठेवलीये, तिच्यात पाच गोष्टी आहेत: हवं तेव्हा स्वतःच घेता येणं, नेटवर्कवरून कुठूनही पोचता येणं, एकच यंत्रणा अनेकांत वाटून वापरणं, पटकन वाढवता-आटवता येणं आणि मीटर लावून मोजणं. सरकारला खरा उपयोग शेवटच्या दोनचा. कारण सरकारी सिस्टीम वर्षभर पेंगत असते आणि एका दिवशी तिच्यावर अख्खा देश तुटून पडतो. रिझल्ट, कर भरायची शेवटची तारीख, लसीची नोंदणी. २८ एप्रिल २०२१ला कोविनवर अठरा वर्षांवरच्या सगळ्यांची नोंदणी उघडली तेव्हा सुरुवातीला अडखळलं, पण त्या एका दिवसात एक कोटीहून जास्त नोंदण्या झाल्या. एवढे सर्व्हर विकत घेऊन ठेवले असते तर दुसऱ्या दिवसापासून नुसती धूळ खात पडले असते. उलट उदाहरण अमेरिकेच्या आरोग्यविम्याच्या साईटचं. १ ऑक्टोबर २०१३ला सुरू झाली आणि पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झालेली माणसं किती, तर सहा. सहा लाख नाही. सहा.

नोकऱ्यांबद्दल उद्या लिहिते, आता झोप आलीये.

चष्मिष (मंगळ, सकाळी ७:५०)

सौदामिनी, बाकी ठीक पण ते शेवटचं उदाहरण चुकीच्या खात्यात टाकलंत. ती साईट फक्त सर्व्हर कमी पडले म्हणून नाही कोसळली. डझनांनी कंत्राटदार, सगळ्याची मिळून जबाबदारी कुणाचीच नाही आणि टेस्टिंग अगदी शेवटच्या आठवड्यांत. ते सगळं उचलून क्लाऊडवर ठेवलं असतं तर क्लाऊडवर कोसळलं असतं.

सौदामिनी (मंगळ, सकाळी ८:३१)

मान्य. घाईत लिहिलं. उलट तुमचा मुद्दा माझ्या मुद्द्यापेक्षा चांगला आहे.

निवांत (मंगळ, सकाळी ९:०२)

इथे कुणी 'मान्य' म्हणालं? स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

चष्मिष (मंगळ, दुपारी १:१५)

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. मूळ प्रश्नाकडे यायचं तर धोरणाचा इतिहास थोडा बघावा लागेल. डिसेंबर २०१०मध्ये अमेरिकन सरकारचे तेव्हाचे मुख्य माहिती अधिकारी विवेक कुंद्रा यांनी पंचवीस कलमी आराखडा काढला, त्यात 'क्लाऊड फर्स्ट' आलं. म्हणजे नवीन काही घ्यायचं तर आधी क्लाऊडचा विचार करा, नको असेल तर का नको ते सांगा. पुढच्या फेब्रुवारीत जे धोरण आलं त्यात हिशोब होता की वर्षाच्या ८० अब्ज डॉलरच्या आयटी खर्चापैकी अंदाजे २० अब्जांचं काम क्लाऊडवर नेण्यासारखं आहे. ब्रिटनने २०१३मध्ये तसंच धोरण घेतलं. भारताचं 'मेघराज' त्याच सुमाराचं, एनआयसी या केंद्राच्या संगणक संस्थेचा राष्ट्रीय क्लाऊड २०१४ला सुरू झाला. २०१९पर्यंत अमेरिकेने नाव बदलून 'क्लाऊड स्मार्ट' केलं, मराठीत सांगायचं तर 'डोळे मिटून जाऊ नका, कुणी सांगितलं होतं डोळे मिटून जायला'.

आता गंमत बघा. सुरुवातीच्या या धोरणांचा मुख्य सूर बचतीचा आहे. इतकी डेटा सेंटरं (सर्व्हर ठेवायच्या इमारती) बंद करू, इतके पैसे वाचवू. रोजगाराचं बोलणं प्रामुख्याने दुसरीकडून येतं, उद्योग खात्याकडून, जेव्हा एखादी मोठी कंपनी येऊन डेटा सेंटर बांधणार असते आणि तिला करसवलत द्यायची असते. दोन वेगळी खाती, दोन वेगळे कागद. वायरदादांच्या साहेबांनी दोन्ही एकाच स्लाईडवर आणले, एवढंच. बचत म्हणजे शेवटी कुणाचा तरी पगार, कुणाची तरी एएमसी (वार्षिक देखभालीचं कंत्राट). एकाच कागदावर तीच रक्कम वाचली पण पाहिजे आणि तिच्यातून नोकऱ्याही निघाल्या पाहिजेत, हे जमवायला जादूगार लागतो.

फाईलबहाद्दर (मंगळ, दुपारी २:४०)

चष्मिष, एएमसीचं नाव काढलंत आणि जखमेवरची खपली काढलीत. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

ठोकळा (मंगळ, दुपारी ४:०७)

आकडे बोला. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात जगातली सगळ्यात दाट डेटा सेंटरं आहेत. तिथल्या विधिमंडळाच्या अभ्यासमंडळाने डिसेंबर २०२४मध्ये अहवाल दिला. अडीच लाख चौरस फुटांचं एक नेहमीचं डेटा सेंटर घ्या. बांधकाम भरात असताना जागेवर साधारण १५०० माणसं. बांधून झाल्यावर पूर्णवेळ कामाला किती? सुमारे ५०. त्यातही निम्मी कंत्राटी.

अडीच लाख चौरस फुटांत ५० माणसं. माणशी पाच हजार चौरस फूट. एवढं घर आपल्याला सात जन्मांत मिळणार नाही.

अवांतर_काका (मंगळ, दुपारी ४:२०)

ठोकळा, पण एवढ्या घरात रात्रभर पंख्याचा आवाज सहन करायची तयारी आहे का? आमच्या शेजारचा एक वॉशिंग मशीन लावतो तर सोसायटीची मीटिंग बोलावतात.

इलेक्ट्रॉन (मंगळ, रात्री ८:४४)

त्या पन्नासातला एक हजर आहे. आमचं सेंटर लहान आहे, पण हिशोब तसाच.

ठोकळा यांचा आकडा बरोबर असला तरी त्यावरून काढलेला अर्थ मला पुरता पटत नाही. पगारपत्रकावर पन्नास, पण आत-बाहेर करणारे मोजा ना. चिलरवाला (थंड पाण्याच्या यंत्राचा) वेगळा, जनरेटरवाला वेगळा, आग विझवायच्या यंत्रणेचा वेगळा, फायबर जोडणारा वेगळा, सिक्युरिटी वेगळी. त्याच व्हर्जिनियाच्या अहवालात राज्यभरात वर्षाला ७४,००० नोकऱ्यांना या धंद्याचा आधार आहे असंही आहे की, ते का सोडलंत?

आणि काम काय असतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं आम्ही निळ्या दिव्यांच्या बोळात लॅपटॉप घेऊन फिरतो. मी मुळात इलेक्ट्रिकलचा डिप्लोमावाला. महिन्यातून एकदा रात्री जनरेटरची चाचणी, मेन सप्लाय मुद्दाम पाडायचा, बॅटरीवर जायचं, आणि जनरेटर लोड घेईपर्यंतचे ते काही सेकंद. पंख्यांचा आवाज किंचित बदलतो आणि सगळे एकमेकांकडे न बघता पॅनलकडे बघत असतात. आठ वर्षं झाली, अजून पोटात गोळा येतो. रॅकच्या (सर्व्हरच्या कपाटाच्या) पुढच्या बाजूला स्वेटर लागतो आणि मागच्या बाजूला घाम फुटतो, एकाच शिफ्टमध्ये दोन्ही. यातलं काहीही पायथॉनने होत नाही.

वायरदादा, तुम्ही सोळा वर्षं एसी आणि यूपीएस सांभाळलाय ना? मग तुम्ही स्वतःला आयटीवाले समजताय तीच चूक आहे. आमच्याकडे कूलिंग आणि पॉवर एकत्र कळणारा माणूस शोधून सापडत नाही.

ठोकळा (मंगळ, रात्री ९:१०)

७४,००० सोडले नाहीत, पुढच्या प्रतिसादात येणार होते :) त्यातला मोठा भाग बांधकामाचा आहे, तोच अहवाल सांगतो. म्हणजे बांधणं सुरू आहे तोवर. शिवाय वीज? आयर्लंडमध्ये २०१५ला मीटरवर मोजलेल्या विजेतली ५ टक्के डेटा सेंटरं खायची, २०२३मध्ये २१ टक्के. शहरांमधल्या सगळ्या घरांपेक्षा जास्त. करसवलत द्यायची, वीज द्यायची, पाणी द्यायचं आणि नोकऱ्या पन्नास. हे रोजगार धोरण नाही, जमीनदारी आहे. भाडं घ्या, पण त्याला रोजगार म्हणू नका.

तिसरी_घंटा (मंगळ, रात्री ९:३३)

नोकऱ्या नोकऱ्या काय लावलंय, नागरिकांचा डेटा कुणाच्या हातात जातो त्याबद्दल कुणी बोलेल का? अमेरिकेचा २०१८चा क्लाऊड कायदा आहे (नावात क्लाऊड असलं तरी भानगड वेगळी आहे). अमेरिकन कंपनीकडचा डेटा जगात कुठेही ठेवलेला असो, तिथलं न्यायालय मागू शकतं. जून २०२५मध्ये फ्रान्सच्या सेनेटसमोर मायक्रोसॉफ्टच्या तिथल्या अधिकाऱ्याला शपथेवर विचारलं की फ्रेंच नागरिकांचा डेटा फ्रेंच सरकारच्या संमतीशिवाय अमेरिकेला जाणार नाही याची हमी देता का. तो म्हणाला, हमी देऊ शकत नाही. झालं की मग! जर्मनीतलं श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य २०२४पासून तीस हजार सरकारी कॉम्प्युटर लिबरऑफिस या मोफत सॉफ्टवेअरवर नेतंय ते उगाच नाही. आपलं ते आपल्या इमारतीत, आपल्या कुलपात.

सौदामिनी (मंगळ, रात्री १०:४८)

तिसरी_घंटा, कायद्याचा मुद्दा शंभर टक्के खरा. 'आपल्या इमारतीत' मात्र नाही. दक्षिण कोरियाचं सांगते. २६ सप्टेंबर २०२५, देजॉनमधलं सरकारी डेटा सेंटर. इमारत सरकारची, कुलूप सरकारचं. लिथियम बॅटऱ्या हलवायचं काम चालू असताना आग लागली, सहाशेहून जास्त सरकारी सिस्टीम एका झटक्यात बंद. त्यात जी-ड्राइव्ह नावाची यंत्रणा होती, सरकारी कर्मचाऱ्यांनी कामाच्या फाइली तिथे ठेवायच्या असत. ८५८ टेराबाइट. जळून गेलं. बाहेर दुसरी प्रत नव्हती, कारण काय दिलं, तर एवढ्या मोठ्या आकाराचा बॅकअप घेणं जमत नव्हतं.

वायरदादा, तुमची ती शुक्रवारची टेप आणि दुसऱ्या इमारतीतलं लोखंडी कपाट आठवलं मला तेव्हा.

आता उलट बाजू. मे २०२४मध्ये ऑस्ट्रेलियाच्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगल क्लाऊडवरचं सगळं खातंच चुकीच्या सेटिंगमुळे पुसलं गेलं, दोन ठिकाणी प्रती होत्या त्या दोन्ही गेल्या, कारण दोन्ही त्याच खात्यात. सहा लाखांवर सभासद. वाचले कशामुळे, तर त्यांच्याकडच्या कुणीतरी आणखी एक बॅकअप भलत्याच कंपनीकडे ठेवला होता. म्हणजे प्रश्न इमारत कुणाची हा नाहीच. 'दुसरी प्रत कुठाय' हे विचारणारा माणूस पगारावर आहे का, हा आहे.

चष्मिष (मंगळ, रात्री ११:२०)

+१. यात युक्रेन पण घाला. सरकारी नोंदी देशाबाहेर ठेवायला तिथे कायद्याने बंदी होती. १७ फेब्रुवारी २०२२ला संसदेने कायदा बदलला, आठवड्यात युद्ध सुरू झालं. मग जमिनीच्या नोंदींसकट सगळं सूटकेसएवढ्या डिस्कच्या पेट्यांत भरून देशाबाहेर क्लाऊडवर हलवलं. एस्टोनियाने तर २०१७मध्येच लक्झेंबर्गशी करार करून तिथे 'डेटा दूतावास' काढला. सर्व्हर लक्झेंबर्गमध्ये, पण त्यावर हक्क एस्टोनियाचा, वकिलातीला असतो तसा. तिसरी_घंटा यांचं कुलूप आणि सौदामिनींची दुसरी प्रत, दोन्ही एकदम साधलं. लहान देश आहे, पण डोकं ठिकाणावर आहे.

संपादक (बुध, सकाळी ६:३०)

दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. कुठल्या पक्षाने काय केलं यासाठी वेगळे धागे आहेत. डझनभर आहेत.

फाईलबहाद्दर (बुध, सकाळी ११:०५)

काल संध्याकाळी लिहायचं राहिलं, नातवाने लॅपटॉप पळवला होता. मी लेखा शाखेतून निवृत्त झालो. क्लाऊड मला टेंडर आणि बिलाच्या बाजूने माहीत आहे, ढगाच्या पोटात काय असतं ते नाही. पण खरी मजा बिलातच आहे, ऐका.

सरकारला वस्तू विकत घ्यायची सवय. दहा सर्व्हर, प्रमाण दहा, दर अमुक, सगळ्यात कमी बोलीवाल्याला ऑर्डर, सामान आलं, साठा रजिस्टरला नोंद, पाच वर्षं बघायला नको. क्लाऊडचं तसं नाही. तो वस्तू नाही, वापर आहे, वीजबिलासारखा. भांडवली खर्च संपला, महसुली खर्च सुरू झाला. आता टेंडरमध्ये 'प्रमाण' या रकान्यात काय लिहायचं? आमच्याकडे कुणीतरी अंदाजाने एक आकडा लिहिला, त्यावर मंजुरी झाली, आणि पहिल्या तिमाहीतच वापर मंजुरीच्या वर गेला. बिल अडलं. पुरवठादार म्हणे वापरलंय, पैसे द्या. आम्ही म्हणतो मंजुरी नाही. तो म्हणे मग बंद करतो. साहेब म्हणाले बंद केलं तर पेपरात येईल.

शेवटी मी ते चाळीस पानी बिल घरी आणलं. प्रत्येक ओळीत इंग्रजी आद्याक्षरं. मुलीला बसवलं, ती एकेक ओळ समजावून सांगत गेली, मी पेन्सिलने मार्जिनमध्ये मराठीत लिहीत गेलो. तेविसाव्या पानावर एक मोठं मशीन सापडलं, त्याच्या नावातच 'टेस्ट' होतं. कुणीतरी चार महिन्यांपूर्वी चाचणीसाठी चालू केलं, चाचणी एका दुपारची, मग तो मुलगा नोकरी सोडून गेला. मशीन चालूच. रात्रंदिवस. कुणी वापरत नाही, पण मीटर पळतोय. आपल्या जुन्या खोलीत एखादा सर्व्हर उगाच चालू राहिला तर काय, थोडी वीज. इथे दर तासाला पैसे.

पुढे ऑडिट पॅरा (लेखापरीक्षणाचा आक्षेप) लागलाच. मला विचारलं, हे बघायची जबाबदारी कुणाची होती? मी शांतपणे सांगितलं, साहेब, असं पदच नाही. जुन्या आकृतिबंधात (मंजूर पदांच्या यादीत) सर्व्हर सांभाळणारा आहे, बिल मंजूर करणारा आहे, पण सर्व्हर आणि बिल एकत्र वाचणारा कुणीच नाही.

तर वायरराव, माझ्या मते नोकरी असलीच तर तिथे आहे.

सौदामिनी (बुध, सकाळी ११:३२)

फाईलकाका, दंडवत. याला आमच्याकडे फिनऑप्स म्हणतात आणि चांगला पगार देतात. तुम्ही पेन्सिलीवर केलंत.

निवांत (बुध, दुपारी १२:१०)

काकांना परत कामावर घ्या.

अवांतर_काका (बुध, दुपारी १२:१५)

त्यात नातवाचा लॅपटॉप, मुलीचा वेळ आणि काकांची पेन्सिल, तिन्ही फुकट. यालाच संसाधनं वाटून वापरणं म्हणतात का हो सौदामिनीताई? निस्टवाल्यांची तिसरी अट.

वाचनमात्र (बुध, रात्री ९:५५)

मी पण रोमातली, पहिलाच प्रतिसाद. माझ्याकडे तीन क्लाऊड सर्टिफिकेट आहेत. कॉलेजात सांगितलं होतं सरकारं क्लाऊडवर जातायत, लाखो जागा निघणार, सर्टिफिकेट करा. केली. आता प्रत्येक जाहिरातीत 'तीन ते पाच वर्षं अनुभव'. अनुभव मिळायला नोकरी पाहिजे ना? पूर्वी म्हणे फ्रेशरला सर्व्हर रूममध्ये केबल ओढायला घ्यायचे आणि तिथून तो वर चढायचा. आता खोलीच नाही तर केबल कुठे ओढू?

सौदामिनी (बुध, रात्री ११:१८)

वाचनमात्र, हा प्रश्न मला टाळायचा होता, कारण उत्तर छान नाहीये.

खालची पायरी खरंच गेली. मी सुरुवात केली तेव्हा पहिलं वर्षभर रात्री दोनला कुठली डिस्क भरली ते बघत बसायचे. कंटाळवाणं होतं, पण सिस्टीम कुठून कुठे बोलते ते त्यातच कळलं. आता ते काम स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅमच करतो. म्हणून मधल्या लोकांना मागणी आहे आणि पहिल्या पायरीवर गर्दी. धोरणात 'इतक्या लाखांना प्रशिक्षण' लिहिणं सोपं असतं, कारण सर्टिफिकेट मोजता येतं. शिकाऊ जागा कुणी लिहीत नाही, कारण तिचा पगार द्यावा लागतो.

तुला एक सांगते. चौथं सर्टिफिकेट करू नकोस. एखादी छोटी खरी गोष्ट स्वतः उभी कर, वाचनालयाची यादी का असेना, ती मुद्दाम पाड, बॅकअपवरून परत उभी कर आणि किती मिनिटं लागली, किती बिल आलं ते लिहून ठेव. मी मुलाखतीला बसते तेव्हा 'तुमचं काय बिघडलं होतं आणि तुम्ही काय केलं' एवढंच विचारते. सर्टिफिकेटवाले दहातले आठ तिथे गप्प होतात.

ठोकळा (गुरु, सकाळी ८:२०)

सगळे क्लाऊडवर जाणारच असं धरून का बोलताय? परत येणारे पण आहेत. ३७सिग्नल्स नावाची सॉफ्टवेअर कंपनी, २०२२चं त्यांचं क्लाऊडचं बिल ३२ लाख डॉलर. त्यांनी स्वतःचे सर्व्हर घेतले आणि बाहेर पडले. वापर कमीजास्त होत नसेल, रोजचा ठरलेला असेल, तर मीटरवर राहणं म्हणजे कायमचं हॉटेलात राहण्यासारखं आहे. आणि बाहेर पडताना डेटा नेण्याचेही पैसे लावतात.

चष्मिष (गुरु, सकाळी ९:४४)

त्या शेवटच्या गोष्टीवर युरोपने कायदा केलाय. तिथला डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला, आणि १२ जानेवारी २०२७ पासून एका क्लाऊडवरून दुसरीकडे जाताना ग्राहकाकडून त्याचे पैसेच घेता येणार नाहीत. हे मला खरं धोरण वाटतं. रिबीन कापण्यासारखं काही नसतं त्यात.

आणि ठोकळा, नोकऱ्यांच्या बाबतीत तुम्ही फक्त इमारतीतली डोकी मोजताय. २००९मध्ये फेडेरिको एट्रो या अर्थशास्त्रज्ञाने युरोपबद्दल मांडलं होतं की क्लाऊडचा रोजगार क्लाऊड कंपनीत होतच नाही. छोट्या माणसाला धंदा सुरू करायला आधी सर्व्हर विकत घ्यावे लागत नाहीत, त्यामुळे जे नवे धंदे निघतात तिथे तो होतो. तो आकडेमोडीने केलेला अंदाज होता, मोजणी नव्हे, हेही कबूल. पण रस्ता बांधला तर टोलनाक्यावरची माणसं मोजून रस्त्याचा रोजगार ठरवत नाहीत आपण.

ठोकळा (गुरु, सकाळी ९:५८)

रस्त्याचं उदाहरण चांगलंय. फक्त या रस्त्याचा टोल ठरवणारे तीन-चारच जण आहेत. पेंटॅगॉनसारख्या (अमेरिकेचं संरक्षण खातं) गिऱ्हाइकाने आधी दहा अब्ज डॉलरचं काम एकाच कंपनीला दिलं, कोर्टकज्जे झाले, २०२१मध्ये रद्द केलं, आणि २०२२ला नवीन कंत्राट चौघांत वाटलं. पेंटॅगॉनला जे कळायला एवढी वर्षं लागली ते वायरदादांच्या खात्याला कोण सांगणार?

जुनी_वायर (गुरु, रात्री १०:३०)

बापरे, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. सगळं दोनदा वाचलं. फाईलबहाद्दर यांचा प्रतिसाद प्रिंट काढून आमच्या लेखा शाखेत दिला (नाव झाकून). इलेक्ट्रॉन, तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलाय.

आत्तापुरतं एवढंच, सोमवारपासून मायग्रेशनवाले येतायत, त्यांना सगळ्या सिस्टीमची यादी हवी आहे. यादी माझ्या डोक्यात आहे. कागदावर कधी कुणी मागितलीच नव्हती.

सौदामिनी (गुरु, रात्री १०:४१)

ती यादी फुकट देऊ नका. गंमत नाही करत. आधी कंत्राट वाढवून घ्या, मग यादी.

निवांत (चार महिन्यांनी, शनि, दुपारी ३:१२)

धागा वर काढतोय. वायरदादा, काय झालं पुढे?

जुनी_वायर (रवि, सकाळी ७:२०)

आठवण ठेवलीत, बरं वाटलं.

झालं असं. यादी दिली, पण ताई म्हणाल्या तसं आधी सहा महिने वाढवून घेतले. यादीत एकतीस सिस्टीम होत्या, खात्याच्या फाईलीत एकोणीस. हलवाहलव पार पडली, नवीन पोर्टल खरंच पळतं, ते नाकारत नाही. मग तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एका खात्यातून फोन, तुमची रोजची फाईल येत नाहीये. कुणालाच माहीत नाही कसली फाईल. मला माहीत होतं, कारण कपाटामागे एक जुनं मशीन होतं, रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी ते एक फाईल बनवून पाठवायचं, अकरा वर्षं. यादीत बत्तिसावं म्हणून लिहायला मीच विसरलो. त्यावर स्क्रीनच नव्हता ना, म्हणून डोळ्यासमोर आलं नाही. मायग्रेशनवाल्या मुलीबरोबर रात्री बसून ते क्लाऊडवर उभं केलं. तिने लिहिलं, मी 'इथे शून्य आलं तर पुढचं खातं ओरडतं' असं सांगत गेलो. आता ते पण दोन दहालाच चालतं.

सध्या माझ्याकडे दोन कामं आहेत. दर सोमवारी बिल उघडून चालू मशीनची यादी काढायची आणि ज्याचा मालक सापडत नाही ते बंद करायचं. आणि कुणी सोडून गेलं की त्याचा अॅक्सेस काढायचा. पद अजूनही 'सर्व्हर रूम ऑपरेटर', कारण आकृतिबंधात दुसरं नाव नाही. कंत्राट मार्चपर्यंत. इलेक्ट्रॉन यांच्याकडे मुलाखत झाली, रात्रपाळी आहे, बायको नको म्हणतेय, बघू.

सर्व्हर रूममध्ये चार माणसं होतो. मी राहिलो, एक जण निवृत्त झाला. दोघांचं कंत्राट संपलं, त्यातला एक आता एसी दुरुस्ती करतो. मायग्रेशनच्या कंपनीत या कामासाठी सहा जण नवीन घेतले असं ती मुलगी म्हणाली, म्हणजे स्लाईड अगदीच खोटी नव्हती म्हणायची. फक्त चार आणि सहा वेगळी माणसं आहेत.

वाचनमात्र (रवि, सकाळी ८:०५)

त्या सहांत मी नाही :) पण मला शिकाऊ म्हणून घेतलंय एका ठिकाणी. मुलाखतीत वाचनालय पाडून परत उभं केल्याचं सांगितलं. एकोणीस मिनिटं.

सौदामिनी (रवि, सकाळी ८:१५)

अभिनंदन गं!!

अवांतर_काका (रवि, सकाळी ९:००)

वायरराव, ते खोलीचं काय झालं? रेकॉर्डवाले आले का राहायला?

जुनी_वायर (रवि, सकाळी ९:४०)

आले ना. एसी तेवढे काढून नेले, कागदांना गारवा लागत नाही म्हणे.

एक राहिलंच, म्हणून मुद्दाम विचारतो. लोखंडी कपाटात सातशेच्या वर टेपा आहेत, त्यातल्या जुन्या आठ वर्षांचा डेटा क्लाऊडवर घेतलेलाच नाही, कारण 'चालू सिस्टीम' एवढंच कामात होतं. परवा कोर्टाच्या एका प्रकरणात जुनी नोंद मागितलीये. टेप सापडली, तारीख माझ्याच अक्षरात आहे. पण वाचायचा ड्राइव्ह भंगाराच्या लिलावात सर्व्हरबरोबर गेला. एलटीओ ४ या जातीच्या टेपचा चालू ड्राइव्ह कुणाच्या ऑफिसात पडून आहे का? दोन दिवसांसाठी हवाय, मी स्वतः येऊन नेईन आणि परत आणून देईन.

इलेक्ट्रॉन (रवि, सकाळी ९:५२)

आमच्या स्टोअरला एक आहे बहुतेक. सोमवारी बघून सांगतो, केबल तुमची आणा.